दोन रविवार उंबऱ्यावर

आपा, तुम्हाला मातीत ठेवून लोक घरी परतले तेव्हा मी अहमदपूरच्या अलीकडे एका थांबलेल्या बसमध्ये बसले होते. पुढे रस्त्याचं काम चालू होतं. ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत होता आणि मी, दाराजवळच्या सीटवर बसूनसुद्धा, श्वास मोजत होते. तुमच्या सुनेचा, नसरीनचा फोन सकाळी आला होता, वॉर्डात औषधांची फेरी चालू असताना. "अम्मी गेल्या," एवढंच म्हणाली. मग जरा थांबून, "दुपारच्या नमाजानंतर नेणार हायेत. तुमी घाई करू नका ताई, पोचणार न्हाई तुमी."

नाहीच पोचले. औशाला आले तेव्हा तुमची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती आणि खोलीची फरशी धुतलेली होती.

तुमचा जन्म कधीचा, शिक्षण किती, मागे कोण कोण, हे मी लिहीत नाही. जन्मतारीख तर तुम्हालाच ठाऊक नव्हती. आधार कार्डावरची तारीख कुणीतरी अंदाजाने टाकलेली आहे म्हणून तुम्ही हसायचात. मला फक्त तुमच्याशी बोलायचं आहे. पाच वर्षांत जे बोलायचं राहिलं ते, आणि मागच्या पाच महिन्यांत जे बोलू नये ते बोलले, तेही.

पहिल्यांदा आले ती ब्लाउज शिवायला. नवऱ्याच्या भाचीचं लग्न होतं. नांदेडातलं तुमचं दुकान, खाली दोन मशिनी आणि वर एक खोली. तुम्ही गळ्यातली टेप काढलीत आणि म्हणालात, "हात वर कर."

"उजवा न्हाई जात."

"कवापासून?"

"दुखतो तर लहानपणापासून. यंदा पार आखडला. व्यायाम चालू आहेत."

तुम्ही मागून टेप टाकलीत. तुमची बोटं माझ्या पाठीला लागली आणि मी अशी पुढे उडी मारली की टेबलावरची कात्री खाली पडली. मी नर्स आहे आपा. दिवसभर मी माणसांना हात लावते, उचलते, कुशीवर वळवते, पुसते. पण मला मागून कुणाचा हात लागला की माझं रक्त थिजतं. घरात सगळ्यांना माहीत आहे, मला उठवायचं तर दारातून हाक मारायची. तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. तुम्ही कात्री उचललीत, फुंकर मारून ठेवलीत आणि म्हणालात, "जुना ब्लाउज आण घरून. त्याच्यावरून माप घेते."

काय झालं म्हणून विचारलं नाहीत. मी दुसऱ्यांदा आले ती त्यामुळे.

ब्लाउज घ्यायला आले तेव्हा रविवार होता. जिन्यात बायकांच्या सात-आठ चपला. वर काय असतं म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "बायका येतात. हलतात."

"योगा?"

"योगा न्हाई. त्यात सांगितलेलं करावं लागतं. इथं कायीच करायचं न्हाई. जपानी हाय. बसून बघ, आवडलं न्हाई तर ऊठ."

मला वाटलं जपानी म्हणजे विहारातलं काही असेल, आमच्या धम्माचं. तुम्ही खो खो हसलात. "ते लोक बुद्धाचे, तू बुद्धाची, अन् शिकून बसले मी! बघ नशीब."

त्या दिवशी तुम्ही आम्हाला गुडघ्यांवर बसवलंत. दोन्ही हातांची बोटं बरगडीखाली दाबून, पुढे वाकत, आतला सगळा श्वास बाहेर. मग कंबरेतून डावीकडे पिळा, उजवीकडे पिळा आणि एकदम सैल सोडा. मग अंगठे मुठीत धरून मुठी वर न्यायच्या, मान मागे, पाठ ताठ, आणि श्वासाबरोबर सगळं खाली टाकून द्यायचं. माझी डावी मूठ वर गेली, उजवी छातीपाशी राहिली. "राहू दे," म्हणालात. "आता डोळे मिटा. हात मांड्यांवर. मान सोडा. अंगाला जे करायचं ते करू दे. मधी पडू नका."

मी एक डोळा उघडून बघितलं. शेजारची शिक्षिका वाऱ्यावरच्या ज्वारीसारखी डुलत होती. कुणाची मान गोल फिरत होती. कुणी जांभयांवर जांभया देत होतं. एक जाड बाई ढोपरांवर थडथड उडत होती आणि तिच्या उडण्याने फरशी थरथरायला लागली. ती थरथर माझ्या मांड्यांतून वर आली. मी पंख्याकडे बघितलं. पंखा हलत होता.

मी जिन्यात कशी पोचले ते आठवत नाही. तुम्ही मागून आलात आणि माझ्या शेजारी न बसता दोन पायऱ्या खाली बसलात. दार मोकळं ठेवलंत.

"भूकंपातली हायेस का?"

मी मान वर केली.

"पंख्याकडं बघितलंस ना, त्याच्यावरून म्हनले. भूकंपातली मान्सं आधी पंख्याकडं बघतात."

मग तुम्ही सांगितलंत. भूकंपानंतर औशाच्या पलीकडच्या गावांत पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही बायकांना शिवण शिकवायला जात होता. तिथे एक जपानी बाई आली होती. आठ महिने राहिली. तिला मराठी येत नव्हती, तुम्हाला जपानी येत नव्हतं. ती शेडमधल्या बायकांच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसायची. तिच्या भाषेत त्या हात ठेवण्याला युकी म्हणतात. तुम्हाला ऐकू आलं यकीन. "म्या म्हनलं, बरोबरच हाय, यकीनच लागतं," असं तुम्ही म्हणालात. अंगात जे असतं त्याला ती 'की' म्हणायची. तुम्ही म्हणालात, "आपन जीव म्हनतो ना, तेच. जीव अडकतो कुठंतरी. मग अंग हलून हलून वाट काढतं. झोपेत कूस बदलतो ते कोन शिकवतं आपल्याला?"

"मला नाही जमणार," मी म्हटलं. "मला हललेलं चालत नाही."

"मग पायरीवर बसत जा. दर रविवारी. चहा पाठवीन."

दोन महिने मी पायरीवर बसले, आपा. चाळिशी आलेली बाई, स्टाफ नर्स, रविवारची सुट्टी टाकून परक्या घराच्या जिन्यात बसते. कुणी विचारलं तर काय सांगणार होते मी?

आत आले त्यालाही एक वर्ष गेलं आणि मग उजवा हात उठला. मी उठवला नाही. डोळे मिटलेले होते, तो आपोआप वर गेला, कानाच्याही वर, तळहात बाहेर, जसं काही डोक्यावरचं दगडमातीचं काहीतरी ढकलतोय. मी रडत होते म्हणे. तुम्ही जवळ आलात हे मला पावलांवरून कळलं. तुमचा हात माझ्या पाठीमागे वीतभर अंतरावर थांबला. त्याची ऊब लागत होती. तुम्ही टेकवला नाहीत.

त्या दिवशी मी टेकवा म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं.

उलट पुढच्या रविवारी भांडले. हात वर गेला तो व्यायामामुळे, वर्षभर भिंतीवर बोटं चढवत होते त्याने, असं मी सगळ्या बायकांसमोर म्हटलं. तुम्ही म्हणालात, "असंल. हात तर गेला ना वर?" तुमच्याशी भांडायला मजा यायची नाही, तुम्ही लगेच हरायचात. फक्त एका गोष्टीत हरला नाहीत. ताप आला की तो अंगाचं काम करून राहिलाय, त्याला मारू नका, असं तुम्ही बायकांना सांगायचात, आणि मी उठून म्हणायचे, "आपा, नांदेडात डेंग्यू चालू आहे! असं सांगू नका." तेव्हा तुम्ही गप्प बसायचात. ते ऐकल्याचं गप्प नव्हतं.

आणि बीपीची गोळी. मी तुमचा बीपी मोजला त्या दिवशी मशीन बिघडलंय असं वाटलं मला. डॉक्टरांकडे मीच नेलं. रोज सकाळी एक गोळी, सोडायची नाही. "घेतली का?" विचारलं की तुम्ही म्हणायचात, "घेतली की." डोळे टेपवर.

लकवा झाला त्या सकाळी दुकान उघडलं नाही म्हणून शेजाऱ्याने दार ढकललं. उजवी बाजू गेली होती आणि बोलणं. दवाखान्यात पंधरा दिवस मी रोज ड्यूटीनंतर येत होते, तिथे मोठा वॉर्ड होता, खिडक्या होत्या, मी नर्ससारखी वागू शकत होते. मग नसरीन तुम्हाला औशाला घेऊन गेली. तुमचा मुलगा सौदीत, घरात ती आणि तिची नववीतली मुलगी. तुमचं सामान आवरताना मशीनच्या ड्रॉवरमध्ये मला गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. काही अर्ध्या, दोन तर न फोडलेल्या. मी त्या पर्समध्ये टाकल्या.

पहिल्या रविवारी मी औशाला आले. नांदेड ते लातूर एक बस, मग दुसरी. नसरीनने मला आत नेलं. पुढची बैठक, मागे स्वयंपाकघर आणि दोन्हींच्या मध्ये तुमची खोली. मोरी जवळ पडते म्हणून तिथे ठेवलं होतं. खिडकी नाही. एक बल्ब. खाट, कपाट, आणि त्यांच्यामध्ये एका माणसाने तिरकं उभं राहावं एवढी जागा.

मी उंबऱ्यावर थांबले. पाय पुढे जाईना.

तुम्ही मान वळवलीत. डावा हात उचललात आणि म्हणालात, "बस."

नसरीन म्हणाली, "तेवढाच एक शब्द राहिलाय बघा, ताई. पानी पायजे तरी बस, नको असलं तरी बस."

"मला निघावं लागेल," मी म्हटलं. "रात्रीची ड्यूटी आहे." ड्यूटी नव्हती, आपा. पाच तासांचा प्रवास करून मी चार मिनिटं थांबले. परतीच्या बसमध्ये लोह्यापर्यंत माझे दात वाजत होते.

दुसऱ्या रविवारी मी रागावून आले. घाबरण्यापेक्षा रागावणं सोपं असतं. उंबऱ्यावरूनच पर्समधल्या पट्ट्या काढल्या, तुम्हाला दिसतील अशा धरल्या आणि विचारलं, "गोळ्या सोडल्या होत्या ना?"

तुम्ही बघत राहिलात.

"आपा, मी दर रविवारी विचारत होते. तुम्ही दर वेळी घेतली म्हणत होता. का?"

"बस," तुम्ही म्हणालात.

बस कर, की आत येऊन बस? मला आजही माहीत नाही. तुमच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि कानाकडे गेलं. ते पुसायला आत जावं लागलं असतं. मी गेले नाही. नसरीनने पुसलं. तिने पट्ट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. वॉर्डात मी कितीतरी नातेवाइकांना दटावलं आहे, पेशंटला आता कारणं विचारू नका म्हणून. आणि मी स्वतः ज्या बाईला हलता येत नाही, बोलता येत नाही, तिच्यावर दारातून फिर्याद केली. तिच्याजवळ न जाता.

माफी मागायची राहिली आहे. ती इथे मागते. पण राग गेला असं खोटं लिहिणार नाही. तुम्ही गोळ्या घेतल्या असत्या तर कदाचित आज रविवारी जिन्यात चपला असत्या.

तिसऱ्या रविवारी मी उंबऱ्यावर उभी असताना बाहेर आरडाओरडा झाला, "पानी आलं, पानी आलं!" आठ दिवसांनी नळ आला होता. नसरीनने माझ्या हातात तुमचा पाण्याचा कप दिला. "दहा मिनिटं बसा ताई, घागरी भरून येते. त्यांना ठसका लागला तर उठवायला पायजे कोनीतरी." आणि ती गेली. मुलगीही गेली.

ठसका लागला तर. नर्सला असं सांगितल्यावर ती दारात उभी राहू शकत नाही. मी तिरकी होऊन आत आले आणि खाटेच्या कडेला बसले. गुडघे कपाटाला टेकत होते. दोनच मिनिटांत लाइट गेली.

आपा, तो काळोख मला ओळखीचा होता. नऊ वर्षांची होते मी. पहाटे डोक्यावरचं माळवद खाली आलं तेव्हापासून दुपारी लोकांनी दगड बाजूला काढेपर्यंत मी त्याच काळोखात होते. माती नाकात, तोंडात. मी ओरडणार तेवढ्यात तुमच्या खाटेवर काहीतरी हललं.

तुमचा डावा हात. मी चाचपून बघितला. तुम्ही अंगठा मुठीत घेत होता, मूठ आवळत होता, आणि श्वासाबरोबर सोडत होता. पुन्हा घेत होता. त्या बंद खोलीत, अर्धं अंग गेलेलं असताना, कुणी बघत नसताना, तुम्ही रोज हेच करत होता का? एकट्याच?

मी तुमच्या श्वासाबरोबर श्वास सोडायला लागले. मग कधीतरी माझा हात तुमच्या बरगड्यांखाली ठेवला. असा हात मी कुणावर ठेवला नव्हता, कामाशिवाय, नुसता. आणि बोलले. ज्याने मला वाढवलं त्या मामाला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

माझा भाऊ राजू पाच वर्षांचा होता. मातीखाली तो माझ्या पाठीमागे होता आणि त्याने माझा उजवा खांदा मागून धरला होता. आधी तो रडत होता. मग बोलत होता, दीदी उजेड कर म्हणत होता. मग नुसता हात होता. तो गार झाला तरी सुटला नाही. लोकांनी मला काढलं तेव्हा त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली. आई गेली होती, बाप गेला होता, गाव गेलं होतं, पण आपा, ती बोटं सुटली तेव्हा मला बरं वाटलं. हे मी तुम्हाला सांगितलं. मला बरं वाटलं होतं.

तुम्ही मूठ करायचं थांबवलंत. तुमचा हात माझ्या मनगटावर आला. धरलं नाहीत, नुसता ठेवलात.

"बस," म्हणालात. मी तर बसलेलीच होते.

नसरीन भिजलेल्या साडीने परत आली आणि मोबाइलचा उजेड पाडला तेव्हा तुम्हाला झोप लागली होती. ती दारातच थांबली. हळू आवाजात म्हणाली, "पाच-सहा दिवसांत अशा निजल्या न्हाईत." चमत्कार नव्हता तो. उजवा हात हलला नाही, शब्द आले नाहीत. एका माणसाला दुपारी तासभर झोप लागली, इतकंच. आणि मी एका बिनखिडकीच्या खोलीत तासभर बसले.

पुढचे सगळे रविवार नाही येता आलं मला. ड्यूट्या होत्या, खऱ्या होत्या. आले तेव्हा प्रत्येक वेळी उंबऱ्यावर पाय अडखळलाच, आणि प्रत्येक वेळी तुम्ही ते बघितलंत. मी मोकळी झाले वगैरे काही नाही. अजून दार उघडं ठेवून झोपते, दवाखान्यात लिफ्टऐवजी जिना चढते. तुम्ही त्या खोलीत पाच महिने होता. मला निदान बाहेर पडता येत होतं.

तिसऱ्या दिवशी, जियारतीला, पुन्हा औशाला आले. बायका कुराण पढून, जेवून गेल्या. बैठकीत सतरंजी तशीच पसरलेली होती. नसरीन भांडी आवरत होती आणि माझ्याकडे बघायचं तर मान न वळवता अख्खं अंग वळवत होती.

"मान काय झालीय?"

"अम्मींना उचलून उचलून. दोन महिने झाले." मग सतरंजीकडे बघत म्हणाली, "ताई, तुमी त्यांना ठेवायच्या ना हात, तसा जरा ठेवता का? खरं-खोटं मला म्हाईत न्हाई. पन ठेवा."

तिला सतरंजीवर बसवलं आणि मी मागे गुडघ्यांवर बसले. "मागून हात लावते हं," आधी सांगितलं. तिची मान, दोन्ही खांदे लाकडासारखे होते. एका बाजूला नसांची गाठ सुपारीएवढी. मी दाबलं नाही, चोळलं नाही. नुसते तळहात ठेवले आणि श्वास सोडत राहिले. बऱ्याच वेळाने ती बोलली, समोरच्या भिंतीकडे बघत.

"एक विचारू? कुनाला सांगू नका. अम्मी गेल्या ना, तवा पैलं माझ्या मनात आलं, आता पोरीच्या शाळेत गॅदरिंगला जाता येईल. रडू मागून आलं. गुनाह हाय का हा?"

असं वॉर्डात मला पुष्कळ लोकांनी विचारलं आहे. असं होतंच, मनाला लावून घेऊ नका, हे उत्तर माझ्या तोंडात तयार असतं. ते आलं नाही.

"न्हाई," मी म्हटलं.

"खरं?"

"न्हाई गं. गुनाह न्हाई."

तिने एक जांभई दिली, मग दुसरी, मोठी, डोळ्यांतून पाणी काढणारी. तिची मान थोडी डावीकडे गेली, थोडी उजवीकडे, आणि मग ती हळूहळू मागे आली, सगळ्या वजनानिशी, आणि माझ्या अंगावर रेलून झोपली. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. बाहेर कुणीतरी ओरडून सांगत होतं की लातूरची बस लागली आहे. माझे पाय मुंग्या येऊन बधिर झाले होते.

मी हलले नाही, आपा. बस गेली.